बर्लिन: शिव्या खाल्लेली तबकडी

गिटार संथ वाजतेय. गाणारा गप्प झालाय. आणि मागून लहान मुलांचं रडणं, आईला मारलेल्या हाका. थांबतच नाहीत.

१९७३ साली ही तबकडी हौसेनं घरी आणलेल्या कित्येकांनी इथं सुई उचलली असेल.

गाणारा लू रीड, न्यूयॉर्कचा. गाणी स्वतः लिहायचा, स्वतः गायचा. आदल्या वर्षीच्या ‘ट्रान्सफॉर्मर’ या अल्बममधलं ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’ नुकतंच तुफान गाजलेलं. लोकांना त्याच चवीचं आणखी हवं होतं. कंपनीला तर हवंच होतं.

रीडनं हातात ठेवलं ‘बर्लिन’. दहा गाणी, त्यांतून उलगडणारी एकच गोष्ट. जिम आणि कॅरोलाइन. नशा, संशय, मारझोड. मग तिची मुलं तिच्यापासून काढून नेतात. त्यानंतर ती जीव देते.

निर्माता होता बॉब एझ्रिन, वय अवघं चोवीस. त्यानं या कहाणीवर व्हायोलिनं, पितळी वाद्यं, कोरस असा सगळा थाट चढवला. कुठे कुठे तो थाट जास्त होतो, हे मान्यच करायला हवं. पण शेवटचं गाणं ऐका. वाद्यवृंद गोड, भरजरी. आणि त्यावर जिम शांतपणे सांगतोय की दुसरा कुणी असता तर त्यानं तिचे दोन्ही हात मोडले असते. रीड त्याला दोष देत नाही, आपल्याला दिलासाही देत नाही. ऐकणारा बिथरतो तो इथं.

समीक्षकही बिथरले. ‘रोलिंग स्टोन’ या संगीतविषयक नियतकालिकात स्टीफन डेव्हिसनं लिहिलं की काही रेकॉर्ड इतक्या किळसवाण्या असतात की त्या करणाऱ्यांवर हात उगारावासा वाटतो. रॉबर्ट क्रिस्टगाऊनं ‘सी’ श्रेणी देऊन विषय मिटवला. मला यातला डेव्हिस जास्त प्रामाणिक वाटतो. एवढं चिडायला आधी नीट ऐकावं लागतं.

सगळ्यांनीच झोडपलं, असं मात्र नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या जॉन रॉकवेलनं त्याच वर्षी याची गणना गेल्या काही वर्षांतल्या सर्वांत दमदार आणि अस्सल रॉक रेकॉर्डमध्ये केली होती. आणि श्रोते? अमेरिकेत अल्बम ९८व्या क्रमांकापर्यंत कसाबसा चढला. ब्रिटनमध्ये थेट सातव्या!

रडणाऱ्या मुलांबद्दल तर दंतकथाच पसरली. एझ्रिननं म्हणे आपल्या मुलांना ‘आई गेली’ असं सांगून रडवलं. आवाज त्याच्याच मुलांचे होते, हे खरं. बाकीचं त्यानं पुढे साफ नाकारलं. पण अफवा टिकली. ते रडणं खोटं असेल, यावर ऐकणाऱ्याचा विश्वासच बसत नव्हता.

एक गंमत सांगायला हवी. कॅरोलाइनच्या दुसऱ्या गाण्याची चाल नवी नव्हतीच. रीडनं ती ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ या आपल्या जुन्या बँडच्या दिवसांत, १९६८मध्ये, दुसऱ्याच एका नावानं रेकॉर्ड केली होती. ते मूळ गाणं बाहेर आलं १९८५ साली. म्हणजे बारा वर्षं लोक कॅरोलाइनसाठी हळहळत होते, आणि त्या सुरांत आधी मूळ गाण्यातली स्टेफनी राहून गेली होती.

‘बर्लिन’ पडल्यावर वर्षभरात ‘सॅली कान्ट डान्स’ आला. अमेरिकेत पहिल्या दहांत गेला. रीडला स्वतःला तो अजिबात आवडत नव्हता.

२००३ साली ‘रोलिंग स्टोन’नं सर्वश्रेष्ठ पाचशे अल्बमची यादी छापली. ३४४व्या जागी ‘बर्लिन’. नियतकालिक तेच. डेव्हिसचा उल्लेख कुणी केला नसावा.

डिसेंबर २००६. ब्रुकलिनमधलं सेंट ॲन्स वेअरहाउस. तेहेतीस वर्षांनी रीड हा अख्खा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत रंगमंचावर गातोय. शेजारी स्टीव्ह हंटर, मूळ रेकॉर्डवर गिटार वाजवलेला. दिग्दर्शक ज्युलियन श्नाबेलचे कॅमेरे फिरतायत.

आणि मागे ओळीनं उभी आहेत ब्रुकलिन यूथ कोरसची मुलं. गातायत.