खोताच्या गावातून कौन्सिल हॉलपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

पंधरा ऑगस्ट म्हटले की आपल्याला एकच वर्ष आठवते. पण त्याच्या बरोबर अकरा वर्षे आधी, १५ ऑगस्ट १९३६ रोजी, मुंबई इलाख्यात एक राजकीय पक्ष जन्माला आला. नाव, स्वतंत्र मजूर पक्ष. संस्थापक, डॉ. बाबासाहेब आंबेडकर. जेमतेम सहा वर्षे हा पक्ष जगला, आणि सार्वत्रिक निवडणूक लढला ती एकच.

मला या पक्षाच्या नावाचेच पहिल्यापासून कुतूहल वाटत आले आहे. नावात ना दलित, ना अस्पृश्य. मजूर! माणूस कोणत्या जातीत जन्मला यापेक्षा तो काय काम करतो आणि त्या कामाचे त्याच्या पदरात काय पडते, हे या पक्षाला विचारायचे होते. जाहीरनाम्यात कुळांना संरक्षण होते, कामगारांच्या हक्कांचे कलम होते आणि लोकहितासाठी गरज पडेल तेथे उद्योगांची मालकी सरकारने घ्यावी, असेही होते. त्या काळी हे सरळसरळ डावे राजकारण.

ब्रिटिशांनी केलेल्या १९३५च्या भारत सरकार कायद्यानुसार १९३७च्या फेब्रुवारीत प्रांतिक निवडणुका झाल्या. पक्षाने मुंबई विधानसभेसाठी सतरा उमेदवार उभे केले आणि चौदा निवडून आले. वर्षही न झालेल्या पक्षाच्या मानाने हे यश मोठेच. खुद्द बाबासाहेबांसमोर काँग्रेसने उभे केले होते बाळू पालवणकर यांना. होय, तेच, डावखुऱ्या फिरकीने गोऱ्यांना नाचवणारे क्रिकेटवीर बाळू! बाबासाहेब जिंकले, पण लढत चुरशीची झाली. निवडून आलेल्यांत नाशिकचे दादासाहेब गायकवाड होते. त्यांच्याबरोबर अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस आणि शामराव परुळेकर हे सवर्ण कार्यकर्तेही होते. यांतले चित्रे आणि टिपणीस महाडच्या चवदार तळ्यापासूनचे साथी. मजूर हा शब्द केवळ पाटीवर नव्हता, असे मी म्हणतो ते यामुळे.

आता कोकणात चलू या. खोत म्हणजे काय, हे आजच्या तरुण श्रोत्यांना कदाचित माहीत नसेल. खोत गावाचा शेतसारा सरकारात भरायचा आणि त्याच्या कितीतरी पट धान्य कुळांकडून वसूल करायचा. वर वेठ वेगळी. खोताच्या शेतावर फुकट राबायचे, त्याचे ओझे वाहायचे, आणि तक्रार केली तर जमीन गेली. अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी तर १९३३ पासून जमीन कसणेच बंद केले होते. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली हा संप वर्षानुवर्षे चालला. पीक न घेता घर चालवणे म्हणजे काय, ते शेतकऱ्यालाच विचारावे.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करणारे विधेयक सभागृहात मांडले. बहुमत काँग्रेसचे, मुख्यमंत्री बाळासाहेब खेर. विधेयक पुढे सरकेना. तेव्हा १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मोर्चा घेऊन मुंबईत कौन्सिल हॉलवर, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीवर, चालून आले. कोकणातली कुळे, तीही महार, कुणबी, आगरी अशी सगळी एकत्र. त्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेब म्हणाले की जगात खरे तर दोनच वर्ग आहेत, श्रीमंत आणि गरीब. आपण कम्युनिस्ट पुढाऱ्यांपेक्षा जास्त मार्क्सवादी पुस्तके वाचली आहेत, असा टोलाही त्यांनी हाणला.

हा टोला उगाच नव्हता. गिरण्यांच्या विणकाम खात्यात पगार बरा असे, पण तिथे अस्पृश्याला प्रवेश नसे. कारण धोट्यातला, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातला, धागा तोंडाने ओढावा लागे, आणि शेजारच्या कामगाराला विटाळ होई! कामगार एकजुटीची भाषा करणाऱ्या लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनी या प्रश्नाला हवा तसा हात घातला नाही, ही बाबासाहेबांची जुनी तक्रार. १९२९च्या संपाला त्यांनी विरोधच केला होता. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांसमोर त्यांनी शत्रू दोन सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. एकाला सोडून दुसऱ्याशी लढता येत नाही, हे त्यांचे म्हणणे.

आणि तरीही त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला ते कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले होते. तडजोडीची ठराविक प्रक्रिया पार पडेपर्यंत संप बेकायदा, आणि केला तर तुरुंग. संप करण्याचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, असे बाबासाहेब विधानसभेत बजावत राहिले. बाहेर मुंबईत एक दिवसाचा संप झाला. विधेयक मंजूर व्हायचे ते झालेच. पण दोन दुरावलेले पक्ष एका मैदानात आले, ही गोष्ट माझ्या लेखी लहान नाही.

मग हा पक्ष संपला कशामुळे? मतदारांनी त्याला कधी नाकारले नाही. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले, काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि ज्या सभागृहात हा पक्ष गाजत होता ते सभागृहच थंडावले. १९४२ मध्ये ब्रिटिश सरकारचे दूत क्रिप्स साहेब भारताच्या भावी राज्यव्यवस्थेची योजना घेऊन आले. तिच्यात मुसलमानांची दखल होती, संस्थानिकांची होती, अस्पृश्यांच्या हाती मात्र काही नव्हते. वाटाघाटीच्या टेबलावर जातीजमातींची मोजणी चालू असताना ‘मजूर’ म्हणून बसायला खुर्चीच नव्हती. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन स्थापन झाले आणि स्वतंत्र मजूर पक्षाची जागा त्याने घेतली. नाव पुन्हा जातीवर आले. बाबासाहेबांच्या जागी दुसरे कोणी असते तरी काय करणार होते? शामराव परुळेकर तोवर कम्युनिस्टांकडे गेले होते. पुढे पत्नी गोदावरीबाईंबरोबर त्यांनी ठाण्याच्या वारल्यांत काम उभे केले.

आणि ते खोतीचे विधेयक? खोती नष्ट करणारा कायदा मुंबई प्रांतात झाला तो १९४९ मध्ये. मुख्यमंत्री होते तेच, बाळासाहेब खेर. बाबासाहेब तेव्हा दिल्लीत कायदेमंत्री होते.

नमस्कार.