हरलेल्या पक्षातला धुऱ्याचा वाद

नमस्कार श्रोतेहो. आज हरलेल्या पक्षाबद्दल, म्हणजे विधानसभेत हरलेल्या काँग्रेसबद्दल, बोलायचं आहे. जिंकलेल्यांचं कौतुक करायला माणसं कधी कमी पडत नाहीत. हरलेल्याच्या घरात काय चाललंय ते मात्र पानठेल्यावर ऐकावं लागतं, आणि तिथे ऐकलेलं अर्धंच खरं निघतं.

चंद्रपूरपासून सुरुवात करतो. जून २०२४ मध्ये लोकसभेचा निकाल लागला आणि काँग्रेसच्या प्रतिभा धानोरकर यांनी सुधीर मुनगंटीवार यांना दोन लाख साठ हजारांहून जास्त मतांनी हरवलं. विदर्भातल्या दहापैकी सात जागा महाविकास आघाडीने घेतल्या. काँग्रेसवाल्यांचा गुलाल महिनाभर कपड्यांवरून जात नव्हता. मग आला नोव्हेंबर. या लोकसभा मतदारसंघात विधानसभेच्या सहा जागा येतात: राजुरा, चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, वणी आणि आर्णी. पाच भाजपने जिंकल्या, वणी ठाकरेंच्या शिवसेनेकडे गेली. काँग्रेसला एकही नाही. उन्हाळ्यात एवढ्या फरकाने पडलेले मुनगंटीवार हिवाळ्यात बल्लारपुरातून आरामात निवडून आले.

असं का झालं? लाडक्या बहिणीचे महिन्याला पंधराशे रुपये होते, सत्तेचं बळ होतं, भाजपची बूथवरची मेहनत होती. हे सगळं मान्य. पण वरोऱ्याकडे जरा बघा. तिथे काँग्रेसचं तिकीट खासदारांच्या भावाला मिळालं, आणि खासदारांचेच जेठ, म्हणजे थोरले दीर, वंचित बहुजन आघाडीकडून त्या भावाविरुद्ध उभे राहिले. बल्लारपुरातही काँग्रेसमधून बंडखोरी झालीच. कार्यकर्त्याने प्रचार कोणाचा करायचा? तो सकाळी एका दारात चहा घ्यायचा, संध्याकाळी दुसऱ्या, आणि मतदानाच्या दिवशी शेतावर निघून जायचा. त्याला मी तरी दोष देत नाही.

रामटेकला तर कमाल झाली. लोकसभेला रामटेक काँग्रेसने जिंकलं होतं, पण विधानसभेची जागा आघाडीत ठाकरेंच्या शिवसेनेला सुटली. नागपूर ग्रामीण काँग्रेसची धुरा सांभाळणारे राजेंद्र मुळक अपक्ष म्हणून उभे राहिले. पक्षाने त्यांना निलंबित केलं. निकालात मुळक दुसऱ्या क्रमांकावर, आघाडीचा अधिकृत उमेदवार कितीतरी मागे, आणि विजयी झाले शिंदेंच्या शिवसेनेचे आशिष जयस्वाल. आता सांगा, यात बंडखोर कोण? पक्षाचा आदेश मोडणारा, की मतदारांनी ज्याला निवडलं नाही त्याच्या पदरात जागा टाकणारा? तालुक्याच्या कट्ट्यावर या प्रश्नाला दोन्ही उत्तरं मिळतात आणि दोन्ही जोरात मिळतात.

हे चाललं होतं कधी? ऑक्टोबरमध्ये. सोयाबीन सोंगून बाजार समितीत येत होतं तेव्हा. हमीभाव होता ४,८९२ रुपये क्विंटल, आणि शेतकऱ्याच्या हातात पडत होते त्याहून कितीतरी कमी. विरोधी पक्षाला यापेक्षा मोठा मुद्दा शोधून सापडला नसता. त्याच दिवसांत काँग्रेसचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष नाना पटोले आणि ठाकरेंच्या शिवसेनेचे संजय राऊत विदर्भातल्या जागांवरून कॅमेऱ्यासमोर एकमेकांना सुनावत होते, आणि मध्यस्थीसाठी बाळासाहेब थोरातांना पाठवावं लागलं. शेतकरी टीव्हीवर भाव बघायला बसायचा आणि त्याला जागावाटप दिसायचं.

निकालात काँग्रेसचे राज्यात १६ आमदार आले. पटोले स्वतः साकोलीतून २०८ मतांनी वाचले. प्रदेशाध्यक्षाच्या बाबतीत हा आकडा असा, मग बाकीच्यांची काय कथा! त्यानंतर जे व्हायचं ते झालं. कोणी मतदान यंत्राकडे बोट दाखवलं, कोणी मतदार यादीकडे. राजुऱ्यात तर बोगस मतदार नोंदणीचा गुन्हा निवडणुकीआधीच दाखल झाला होता, आणि ती तक्रार कसून तपासली गेली पाहिजे, यात वाद नाही. पण मतदार यादीने वरोऱ्यातल्या जेठांना उभं केलं नव्हतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पटोले पदावरून गेले, बुलढाण्याचे हर्षवर्धन सपकाळ प्रदेशाध्यक्ष झाले, आणि ब्रह्मपुरीचे विजय वडेट्टीवार विधिमंडळ पक्षाचे नेते. म्हणजे वरची फेरमांडणी तीन महिन्यांत आटोपली.

खालचं मात्र तसंच राहिलं. आपल्याकडे दोन भावांत धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वाद असतो तेव्हा शेवटी भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज जातो. मोजणीवाला येतो, हद्द दाखवतो, खुणा रोवतो. दोघंही नाराज होतात, पण पेरणी होते. पक्षात ही मोजणी कुठे होते? तालुकाध्यक्ष नेमला जातो. जिल्हाध्यक्ष नेमला जातो. मुंबईहून निरीक्षक येतात, विश्रामगृहात बसतात, एकेका गटाला वेगवेगळं आत बोलावतात, आणि अहवाल घेऊन निघून जातात. त्या अहवालात काय लिहिलं ते तालुक्यातल्या कार्यकर्त्याला कधीच वाचायला मिळत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये काँग्रेसने राष्ट्रीय अध्यक्षासाठी खरंखुरं मतदान घेतलं. मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ मतं पडली, शशी थरूर यांना १,०७२. चांगली गोष्ट होती. पण मत देणारे ते प्रतिनिधी तुमच्या ब्लॉकमधून कधी आणि कसे निवडले गेले, हे तुमच्या गावातल्या जुन्या काँग्रेसवाल्याला विचारून बघा. तो नुसता हसेल.

मोजणी होत नाही म्हणून मग हिशेब पुढच्या निवडणुकीत चुकता होतो. त्यालाच आपण पाडापाडी म्हणतो.

जुन्या श्रोत्यांना १९७८ आठवत असेल. १९७७ मध्ये केंद्रात काँग्रेस हरली आणि वर्षभरात पक्षाचे दोन तुकडे झाले. वसंतदादा पाटील, यशवंतराव चव्हाण एका बाजूला. इंदिरा गांधींच्या बाजूने इकडे भंडाऱ्याचे नासिकराव तिरपुडे. फेब्रुवारी १९७८ च्या विधानसभेत दोन्ही काँग्रेस वेगवेगळ्या चिन्हांवर समोरासमोर लढल्या. एकीला ६९, दुसरीला ६२, आणि जनता पक्षाला ९९ जागा. विदर्भाने इंदिरा काँग्रेसला झुकतं माप दिलं. मग दोन्ही काँग्रेसनी मिळून सरकार केलं, वसंतदादा मुख्यमंत्री, तिरपुडे उपमुख्यमंत्री. ते सरकार जुलैपर्यंतच टिकलं, शरद पवारांनी ते पाडलं, ती वेगळी कथा. माझा मुद्दा एवढाच की त्या वेळचं भांडण मतपत्रिकेवर आलं होतं. कोणती काँग्रेस खरी हे गावातल्या माणसाने शिक्का मारून ठरवलं. आजचं भांडण एकाच चिन्हाच्या आत असतं, म्हणून मतदाराला त्यात कौल देताच येत नाही. त्याला फक्त परिणाम भोगायला मिळतो.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. अमरावती, यवतमाळ, बुलढाणा, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षे तिथे प्रशासक बसले. आधी नाराज माणसाला जिल्हा परिषदेचं सर्कल मिळायचं, नाही तर पंचायत समिती, नाही तर एखादं सभापतिपद. तिथे तो चार वर्षं कामात अडकून राहायचा, आपली ताकद दाखवायचा आणि कमीही करून घ्यायचा. त्या पायऱ्याच काढून घेतल्यावर तालुक्यातल्या दहा इच्छुकांच्या नजरा आमदारकीच्या एकाच तिकिटावर खिळतात. नऊ जण नाराज होणारच. सत्ताधाऱ्यांकडे त्या नऊ जणांना द्यायला महामंडळं असतात, समित्या असतात, कंत्राटं असतात. विरोधी पक्षाकडे सांत्वनाशिवाय काही नसतं.

निवडणुका झाल्या म्हणजे सगळं सुरळीत होतं असंही नाही. २०२२ मध्ये मुंबईत काँग्रेस आणि राष्ट्रवादी एका सरकारात होते. त्याच वेळी गोंदिया जिल्हा परिषदेत राष्ट्रवादीने भाजपशी हात मिळवला आणि भंडाऱ्यात काँग्रेसने भाजपच्या फुटीर गटाला सोबत घेतलं. पटोले तेव्हा राष्ट्रवादीवर फार संतापले होते. भंडाऱ्याबद्दल ते कमी बोलले.

तेव्हा मंडळी, कोणत्याही पक्षाचा जिल्हाध्यक्ष तुमच्या गावात मतं मागायला आला, की त्याला बसवा, पाणी द्या आणि विचारा: भाऊ, तुम्हाला या पदावर कोणी निवडलं, कोणत्या तारखेला, आणि तुमच्याविरुद्ध कोण उभं होतं? नमस्कार.