फ्लेक्सच्या मागची बाजू

(आधी फक्त आवाज. एसटीचा हॉर्न, मग शाळेची घंटा. पडद्यावर वर्गाची भिंत आणि भिंतीवर टांगलेला पांढरा फ्लेक्स.)

हा फ्लेक्स आधी चौकात होता. त्याच्या दर्शनी बाजूला अजूनही एक पुढारी हात जोडून उभे आहेत, त्यांच्या खांद्यापाशी कार्यकर्त्यांचे वीस-पंचवीस पासपोर्ट फोटो आहेत आणि खाली लिहिलंय 'शुभेच्छुक'. वाढदिवस होऊन गेला, पावसात एक कोपरा सुटला आणि शाळेतल्या सरांनी तो मागून आणला. आता पुढाऱ्यांचं तोंड भिंतीकडं आहे. मागच्या कोऱ्या बाजूवर ऑइलपेंटनं बारा चौकोन आखलेत, जून ते मे. प्रत्येक चौकोनात बारीक अक्षरात पुढच्या शिक्षणाच्या तारखा, कागद, परीक्षा.

बीड जिल्हा, धारूर तालुका. बालाघाटाच्या डोंगरातलं गाव, आणि गावातली जिल्हा परिषद प्रशाला. दहावीच्या वर्गात चाळीसेक पोरं आहेत. चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी आम्ही विचारलं, पुढं काय करणार?

"नीट."

"भरती."

"कलेक्टर." यावर सगळा वर्ग हसला, म्हणणारा पोरगाही हसला.

मुलींच्या बाकावरून हळूच "नर्स" असं आलं. आणि मागच्या बाकावरून "बघू."

हे 'बघू' आम्हाला चित्रीकरणात सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळालं. पोरं म्हणाली, आईबाप म्हणाले, एक मुख्याध्यापकही म्हणाले.

(पहाटेचा रस्ता. पळणारी पोरं.)

'भरती' म्हणजे पोलीस भरती, नाहीतर सैन्य. पहाटे पाचला डांबरी सडकेवर 1600 मीटरचा सराव चालतो, एकजण मोबाईलवर वेळ लावतो. पोलीस शिपायाला बारावी पास लागते. पळणाऱ्यांतल्या दोघांनी अकरावीतच कॉलेज सोडलं होतं. त्यांना ही अट माहीत नव्हती. त्यांचं पळणं मात्र एक नंबर.

'नीट' म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा, आणि तिच्यासाठी लातूर.

ज्या शहराला 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या शहरात दर जूनला पोरांचा लोंढा येतो. उद्योग भवनाच्या आसपास, ज्याला सगळे 'ट्यूशन एरिया' म्हणतात, तिथं खोली, मेस, अभ्यासिका, झेरॉक्स असा आख्खा बाजार उभा आहे. लातूर पॅटर्नला नावं ठेवण्यात अर्थ नाही. राजर्षी शाहू आणि दयानंद या कॉलेजांनी तो नावारूपाला आणला. त्यात जादूटोणा काही नव्हता. अभ्यासक्रम वेळेत संपवायचा, चाचण्या घ्यायच्या, चुका दाखवायच्या, पुन्हा चाचण्या घ्यायच्या. त्यातून खेड्यापाड्यातली किती पोरं डॉक्टर झाली, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको.

पण हिशेबही बघावा लागतो. 2025 साली देशात 22 लाखांहून जास्त मुलांनी नीट दिली. एमबीबीएसच्या जागा, सरकारी-खाजगी सगळ्या धरून, सव्वा लाखाच्या घरात. उरलेल्या लाखोंचं काय, याचा बोर्ड ट्यूशन एरियात कुठं लावलेला दिसला नाही. टॉपरांचे फ्लेक्स मात्र पावलोपावली.

याच शाळेतला एक पोरगा तिथं चार वर्षं राहिला. दोन वर्षं अकरावी-बारावी आणि दोन वर्षं रिपीटर म्हणून. बापानं ऊसतोडीच्या मुकादमाकडून जादा उचल, म्हणजे मजुरीतली आगाऊ रक्कम, घेतली होती. पोराला लहानपणापासून मोटरसायकल खोलायचा नाद. कॅमेऱ्यासमोर तो फार बोलला नाही. एवढंच म्हणाला, "बी ग्रुप घेतला होता. सगळ्यांनीच घेतला, म्हणून मीबी घेतला." बी ग्रुप म्हणजे जीवशास्त्र, गणिताला रामराम. त्या एका सहीनं बारावीनंतरची इंजिनिअरिंगची वाट तिथंच बंद झाली, आणि हे त्याला कळलं बारावीच्या निकालानंतर.

आज तो आयटीआयला आहे, मोटर मेकॅनिक. आयटीआयचा प्रवेश दहावीच्या मार्कांवर होतो. म्हणजे ज्या गुणपत्रिकेवर त्याला सोळाव्या वर्षी प्रवेश मिळाला असता, तीच पत्र्याच्या पेटीतून काढून त्यानं विसाव्या वर्षी दिली.

(सर बाकावर चढून फ्लेक्सची दोरी ताणतायत.)

दहावीच्या निकालानंतर तालुक्याला मंगल कार्यालयात करिअर मार्गदर्शन शिबिर होतं. हार, नारळ, गुणवंतांचा सत्कार, 'मोठी स्वप्नं बघा' असं भाषण. सर त्याला 'वरातीमागून घोडं' म्हणतात. त्यांचं म्हणणं असं, की स्वप्नं पोरांकडं असतातच, त्यांना दार कुठं आहे आणि ते किती तारखेपर्यंत उघडं आहे, एवढं सांगा.

आम्हाला हे सुरुवातीला जरा कोरडं वाटलं. आवड, कल वगैरेबद्दल सर बोलतच नव्हते. मग त्यांनी फ्लेक्सवरचा जुलैचा चौकोन दाखवला.

जुलै: जात पडताळणी.

राखीव जागेवर इंजिनिअरिंग, मेडिकल, शेतकी, कुठंही जायचं तर जातीचा दाखला पुरत नाही, त्याची पडताळणी लागते. त्यासाठी जुना पुरावा हवा. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांसाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा, ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. सहसा आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातली नोंद देतात. आता ज्याचे आजोबा शाळेतच गेले नाहीत, त्यानं काय करायचं? मग चुलत आजोबा शोधा, ते ज्या गावच्या शाळेत गेले ते गाव शोधा, तिथलं प्रवेश-निर्गम रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं नसेल तर नक्कल मागा, आणि आडनावाची एक वेलांटी इकडची तिकडं असेल तर शपथपत्र करा. हे काम निकालानंतरच्या पंधरा दिवसांत होत नाही. सरकार बऱ्याच वर्षी मुदत वाढवून देतं, पण वाढीव मुदतीच्या भरवशावर राहणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो.

एप्रिलच्या चौकोनात लिहिलंय, 'नॉन-क्रीमी लेयर नवीन काढणे'. म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचा, राखीव जागेसाठी लागणारा दाखला. त्याची मुदत 31 मार्चला संपते, आणि प्रवेश सुरू होतात उन्हाळा सरताना. मेअखेरीला दाखले देणाऱ्या सेतू केंद्रात जाऊन बघा. रांग रस्त्यापर्यंत आणि काचेच्या आत एकच वाक्य, "सर्व्हर डाऊन आहे."

(ऊसतोडीला निघालेले ट्रक. त्यावर संसार, शेळी, पोरं.)

दसरा झाला की गावं रिकामी व्हायला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. परतायचं ते पाडव्याच्या पुढं-मागं. बारावीच्या पोरांचे सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, आणि नीटचे फॉर्म नेमके याच दिवसांत भरायचे असतात, आणि फॉर्मवर मोबाईल नंबर बापाचा.

जानेवारीतली एक संध्याकाळ. शाळा सुटलीय. बारावीतला एक जुना विद्यार्थी सरांच्या मोबाईलवर सीईटीचा फॉर्म भरतोय. ओटीपी गेला सांगलीकडं, उसाच्या फडात. सरांनी फोन लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला.

"आण्णा, शाळेतून बोलतोय. मोबाईलवर सहा आकडे आलेत बघा, ते सांगा."

तिकडून आधी मोळ्या टाकल्याचा आवाज, मग शांतता.

"सर, ओटीपी कुणाला सांगू नका म्हणतेत की."

सर हसले, पोरगाही हसला. बरोबरच होतं आण्णांचं. मग पोरगा फोनवर आला, "आण्णा, मी हाय, सांगा." पण आण्णांना आकडे वाचता येईनात. टोळीतल्या एका पोराला हाक मारली, तो ट्रॅक्टरवर होता, तो येईपर्यंत दहा मिनिटं गेली आणि ओटीपी बाद झाला. पुन्हा पाठवला. त्या रात्री फॉर्म पूर्ण झाला तेव्हा पावणेनऊ वाजले होते. दुसऱ्या दिवशी सरांनी फ्लेक्सवर सप्टेंबरच्या चौकोनात एक ओळ वाढवली: 'स्वतःचं सिम घेणे. दसऱ्याच्या आत.'

मला विचाराल तर सबंध फ्लेक्सवरची सगळ्यात शहाणी ओळ ती.

मुलींची गोष्ट इथं वेगळी सांगावी लागते. फडावर जाताना वयात आलेली पोरगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न आईबापाला खरोखर छळतो, आणि त्याचं उत्तर बऱ्याचदा लग्न हेच निघतं. लग्न झालं की एक कोयता वाढतो, उचलही वाढते. पटावर आठवीत दिसणारी काही नावं म्हणूनच दहावीत दिसत नाहीत.

ज्या टिकतात त्यांचं कॉलेज एसटी ठरवते. शेवटची गाडी साडेपाचची असेल तर साडेपाचच्या आत सुटणारं कॉलेज. 2024 पासून राज्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. मात्र प्रवेश सरकारी प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. थेट संस्थेत जाऊन मॅनेजमेंट कोट्यातली जागा घेतली की माफी गेली. हे वाक्य सर दरवर्षी पालकांना तीनदा म्हणायला लावतात. आणि फी माफ झाली तरी खोली अन् मेस राहतेच. त्यासाठी वसतिगृह, ते नाही मिळालं तर अनुसूचित जातींना स्वाधार योजना, भटक्या-विमुक्तांना आणि ओबीसींना सावित्रीबाई फुले आधार योजना. हे अर्ज आहेत ऑगस्टच्या पुढच्या चौकोनांत.

(वही. निळ्या शाईचं मुलीचं अक्षर.)

आता आवडीचं. सर ते विसरलेले नव्हते, त्यांनी ते दिवाळीच्या सुट्टीत टाकलं होतं. प्रत्येकानं पाच कामकरी माणसांना भेटायचं आणि तीन प्रश्न विचारायचे: कुठं शिकलात, काय त्रास आहे, पुन्हा जन्म मिळाला तर हेच कराल का. बोअरवाला, 108 चा ड्रायव्हर, आशाताई, बँकेतला कॅशिअर, कुणीही चालतो.

एका मुलीनं महावितरणच्या लाईनमनला गाठलं. तिच्या वहीतलं उत्तर जसंच्या तसं: 'आयटीआय वायरमन. पावसात खांबावर चढावं लागतं, लोक शिव्या देतात. पुन्हा जन्म मिळाला तर डिप्लोमा करीन, म्हणजे खालून ऑर्डर देता येईल.'

त्या वहीवरून वर्गात जी चर्चा झाली ती कुठल्या शिबिरात झाली नसती. आयटीआयवाल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि डिप्लोमावाल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. ही शिडी पोरांना माहीतच नव्हती. त्यांच्या डोक्यात 'आयटीआय म्हणजे नापासांचं' असं पक्कं बसलेलं. शिडी कुठवर जाते? पार नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंहजी कॉलेजपर्यंत, नाहीतर संभाजीनगरच्या 1960 सालच्या सरकारी इंजिनिअरिंगपर्यंत.

मग सरांनी खडूनं फळ्यावर मराठवाड्याचा नकाशा काढला. संभाजीनगरात इंडो-जर्मन टूल रूम, तिथं दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा, आणि वाळूज-शेंद्र्याचे कारखाने अशा हातांच्या शोधात असतात. तिथंच 1977 पासून सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, मुलांना एनडीएसाठी तयार करणारी. तिचा अर्ज दहावीत असतानाच करायचा असतो, हे इथल्या पोरांना दहावी झाल्यावर कळतं. परभणीला कृषी विद्यापीठ. जालन्याला 2018 पासून मुंबईच्या आयसीटीचं, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्थेचं, केंद्र. आणि घरापासून सगळ्यात जवळ अंबाजोगाई, तिथलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. डॉक्टरकीच्या ध्यासानं लातूरला जाणाऱ्या पोरांना रुग्णालयात लॅब, एक्स-रे, नर्सिंग अशीही कामं असतात हे सांगायला तिथं नेऊन आणलं. तिघींनी नर्सिंगचं नक्की केलं. एका पोरानं रक्त बघून नीटचा विचार सोडला. सर म्हणाले, दोन वर्षं वाचली.

(मे महिना. रिकामा वर्ग. थिनरचा वास येईल असं दृश्य.)

निकाल लागलाय. अकरावीचे प्रवेश 2025 पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत, त्यामुळं शाळेतला एकुलता एक संगणक दिवसभर चालू आहे. लाईनमनला भेटलेली मुलगी आईबापाला घेऊन आलीय. दोघं फडावरून परतलेत. पहिली पसंती लातूरचं सरकारी पॉलिटेक्निक, इलेक्ट्रिकल. बापानं एकच विचारलं, "होस्टेलला कुलूप कितीला लागतं?" सरांना माहीत नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथं लातूरला फोन लावला. वेळ ऐकून बाप म्हणाला, "मग बरंय."

संध्याकाळी सर बाकावर चढले, चिंधीला थिनर लावून जुन्या तारखा पुसायला लागले. मुलीनं डबा धरला होता. पुढच्या वर्षीच्या काही चौकोनांत त्यांनी नुसतंच नाव लिहून जागा मोकळी ठेवली. तारीख अजून जाहीर व्हायचीय.

"सर, पॉलिटेक्निकचं ह्या चौकोनात लिहू का मी?"

सरांनी ब्रश तिच्या हातात दिला. ती बाकावर चढली. रंग पातळ होता, 'पॉ'चा काना ओघळून पार खालच्या चौकोनात गेला. तिनं फ्रॉकच्या बाहीनं पुसायला हात पुढं केला.

"राहू दे," सर म्हणाले. "बाही खराब होईल. वाळल्यावर बघू."