कचऱ्याच्या डब्याचं चाक

मंडळी, विषय ऐकून निम्मी मंडळी चहाला म्हणून उठली ती परतलीच नाहीत. उरलात ते खरे दर्दी.

२०१६च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका वेगळा करायला लावला, तेव्हा आमच्या सोसायटीत १२० लिटरचे दोन डबे आले. मागे दोन चाकं. दांडा धरून अंगाकडे कलवला की भार आसावर, म्हणजे दोन्ही चाकं जोडणाऱ्या सळईवर जातो, हातावर थोडाच उरतो. म्हणून तर सफाईच्या मावशी एकट्या ५०-६० किलो ओला कचरा फाटकापर्यंत नेतात. माझ्या आजोळी बैलगाडीला वंगण दिल्याशिवाय बैल जुंपत नसत. त्याच घरातला मी, पण डब्याच्या चाकाकडे कधी ढुंकून पाहिलं नाही.

एका सकाळी पायऱ्यांवरच चाक निसटलं. डबा गडगडत खाली. पार्किंगभर डाळिंबाची सालं, आमटी आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा अर्धा केक. केक कुणाचा, यावर व्हॉट्सॲपवर रात्रीपर्यंत खल चालला. चाक मात्र मीच एका गाडीखालून काढलं. बघतो तर चाक धडधाकट! आसाच्या टोकावरची टोपी तेवढी उडालेली.

मीटिंगमध्ये ठराव काय, तर नवा डबा आणा. दुकानदारही म्हणाला, "सुटी टोपी येत नाही, काका." अहो, चपलेचा अंगठा तुटला तर आपण नवा जोड घेतो का? (हसू नका, तुमच्यातले दोघे घेतात, मला माहीत आहे.) चार हार्डवेअरवाले पालथे घातले. पाचव्याने न बघताच बरणीत हात घातला, "स्टार लॉक म्हणा ना!" दातेरी पत्र्याची चकती, नखाएवढी. तिच्यापायी अख्खा डबा भंगारात चालला होता.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. दुरुस्तीचं भरभर सांगतो.

डबा रिकामा करून धुवा, आडवा करा. जुनी टोपी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटा. ती परत वापरायची नाही, तिचे दात वाकलेले असतात. आस बाहेर ओढा. त्याला केस, सुतळी, पिशव्यांच्या पट्ट्या गुंडाळलेल्या सापडतील, त्या कापा. ओल्या कचऱ्याचं आंबट पाणी गंज चढवतं. तो पॉलिश पेपरने घासा. आसाला ग्रीस बोटावर मावेल इतकंच, आणि रबराला लागू देऊ नका, रबर फुगतं. खोबरेल नको, थंडीत थिजतं.

आस आणि चाक परत बसवा. नवी टोपी ठोकताना आसाचं दुसरं टोक लाकडी ठोकळ्यावर टेकवा. नाहीतर इकडची बसते आणि तिकडची उडते. माझी दोनदा उडाली. टोपी टिकतच नसेल तर टोकाला भोक पाडून वायसर आणि स्प्लिट पिन (आरपार घालून दोन्ही पाय वाकवायची पिन) घाला. पायऱ्यांवरून डबा आपटत नेऊ नका, दोघांनी उचला.

बाकीचं प्रश्नोत्तरांत. आणि पहिला प्रश्न तोच येणार म्हणून आधीच सांगतो, केक आमच्याच घरचा होता.