राधानगरी : पाण्यामागचे जंगल

कोल्हापूरहून भोगावतीच्या काठाने नैर्ऋत्येकडे निघाले, की उसाचे मळे मागे पडत जातात, भातखाचरे सुरू होतात आणि साधारण ५५ किलोमीटरवर राधानगरीपाशी सह्याद्री समोर उभा राहतो. अरबी समुद्रावरून येणारे ढग याच डोंगरांवर रिते होतात. एके काळी हे सारे पाणी चार महिन्यांत वाहून जात असे आणि उन्हाळ्यात त्याच नदीकाठचा शेतकरी पाण्यासाठी तळमळत असे.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतला आणि लगेचच १८९६-९७ च्या दुष्काळाने संस्थानाला ग्रासले. त्या अनुभवातून १९०२ मध्ये संस्थानाचे पाटबंधारे धोरण ठरले आणि पुढे फेजिवडे येथे भोगावतीवर धरण बांधण्याचे धाडसी काम सुरू झाले. कन्या राधाबाईंच्या नावाने १९०८ मध्ये राधानगरी वसली, तर जलाशयाला राणी लक्ष्मीबाईंच्या नावावरून लक्ष्मी तलाव म्हटले गेले. पैशाअभावी १९१८ मध्ये काम थांबले. महाराजांना पूर्ण झालेले धरण पाहता आले नाही. त्यांच्या पश्चात, स्वातंत्र्यानंतरच्या दशकात ते पुरे झाले. एका लहान संस्थानाने स्वतःच्या बळावर एवढे मोठे काम अंगावर घ्यावे, याचे मोल आजही पुरेसे ओळखले गेलेले नाही, असे वाटते.

या धरणाचे ७ स्वयंचलित दरवाजे विशेष आहेत. तलाव काठोकाठ भरला, की पाण्याच्या दाबानेच ते उघडतात आणि पातळी उतरली, की आपोआप मिटतात. एका दरवाजातून सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी बाहेर पडते. त्यामुळेच पावसाळ्यात कोल्हापूरकर एकमेकांना "राधानगरीचे दरवाजे उघडले का?" असे विचारतात आणि भोगावतीचे पाणी ज्या पंचगंगेत जाते, ती कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी कधी गाठते, यावर डोळा ठेवतात. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की महाराजांच्या बेनझीर व्हिलाचे अवशेष तलावातून वर येतात.

तलावापलीकडचे दाजीपूरचे जंगल ही संस्थानाची राखीव शिकारभूमी होती. बंदूक राजघराण्याची असली, तरी कुऱ्हाड लागली नाही म्हणून झाडे राहिली. १९५८ मध्ये गव्यांसाठी येथे अभयारण्य झाले, १९८५ मध्ये त्याचा विस्तार झाला आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत राधानगरीचा समावेश झाला. जंगलात मधूनच जांभ्या दगडाचे उघडे सडे लागतात. बोटभर मातीही नसलेल्या या कातळावर भाद्रपदात सीतेच्या आसवांची निळीजांभळी फुले दाटीने उमलतात आणि दवबिंदू या वनस्पतीची तांबूस, चिकट पाने बारीक किडे धरून ठेवतात. मातीत पोषण नसल्याने या वनस्पतींनी शोधलेली ही वाट थांबून, वाकून पाहण्याजोगी आहे.

डोंगरातल्या वाड्यांवर गवळी धनगर म्हशी राखत आले. दाजीपूरची उगवाई देवी हे या रानातले श्रद्धास्थान आहे. जंगलालगतच्या गावांत मात्र गवा हा पाहुणा नव्हे; तो रात्री कळपाने भातात आणि उसात उतरतो, आणि हंगामाची मेहनत एका रात्रीत तुडवली जाते. शेतकरी माळ्यावर जागून राखण करतात, डबे वाजवतात, शेकोट्या पेटवतात. खाली सबंध नदीकाठाला पाणी पुरवणाऱ्या या जंगलाचा भार त्याच्या कडेच्या मोजक्या गावांनीच वाहावा, हे न्याय्य नाही. पिकांच्या नुकसानीची भरपाई त्यांना पुरेशी आणि त्याच हंगामात मिळायला हवी.