‘लुटून’ आणि ‘सापडल्यावर’: कॅटरिनाच्या पुरातले दोन फोटो

नमस्कार. आज बोलायचंय ते दोन फोटोंबद्दल. शहर एकच, न्यू ऑर्लीन्स. दिवसही तेच, ऑगस्ट 2005 चे शेवटचे. कॅटरिना चक्रीवादळ येऊन गेलंय, पूर अडवायला बांधलेल्या भिंती जागोजागी फुटल्यात आणि शहराचा जवळजवळ 80 टक्के भाग पाण्याखाली गेलाय.

(स्क्रीनवर पहिला फोटो)

हा पहिला. छातीएवढ्या पाण्यातून एक कृष्णवर्णीय तरुण चाललाय. काखेत सोड्याचा खोका, हाताशी एक पिशवी. एका मोठ्या वृत्तसंस्थेचा फोटो आहे. खालची ओळ सांगते की हा तरुण किराणा दुकान ‘लुटून’ पाण्यातून चाललाय.

(दुसरा फोटो)

हा दुसरा. तेच पाणी, तेवढंच खोल. एक गोरी तरुणी आणि एक गोरा तरुण. तिच्याकडे पाव आणि सोडा. हा दुसऱ्या संस्थेचा फोटो. इथली ओळ सांगते की जवळच्या किराणा दुकानातून पाव आणि सोडा ‘सापडल्यावर’ हे दोन रहिवासी पाण्यातून वाट काढतायत.

दोन्ही फोटो याहूच्या बातम्यांच्या पानावर आले. कोणीतरी ते शेजारीशेजारी लावले आणि लोक हादरले. एक माणूस लुटतो. दुसऱ्या दोघांना सापडतं. आणि एक फरक सहज नजरेतून सुटतो: दुसऱ्या ओळीत ते ‘रहिवासी’ आहेत, पहिल्या ओळीत तो नुसता ‘एक तरुण’ आहे. शहर त्याचंही होतं की.

आता इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी, कारण हे फोटो दाखवणारे बरेच जण ती सांगत नाहीत. पहिल्या संस्थेचं म्हणणं होतं की त्यांच्या छायाचित्रकाराने त्या तरुणाला दुकानात शिरून सामान घेताना पाहिलं. दुसऱ्या छायाचित्रकाराचं म्हणणं होतं की दुकानातलं सामान पाण्यावर तरंगत बाहेर आलं होतं आणि त्या दोघांनी ते उचललं. दोघंही खरं बोलत असतील. मला तर वाटतं बोलत असावेत. पण म्हणूनच हा विषय एका फोटोग्राफरच्या मनातल्या द्वेषाचा नाही. अन्न नाही, प्यायला पाणी नाही, दुकानदार गाव सोडून गेलाय, माल पाण्यात सडतोय. अशा वेळी पाव घेणाऱ्या माणसासाठी कुठला शब्द आधी तोंडात येतो, तो प्रश्न आहे. आणि तो शब्द एकदा छापला गेला की पुढे काय काय होतं, ते मला आज सांगायचंय.

पहिला फोटो मंगळवारी, 30 ऑगस्टला काढला गेला. दिवसभर टीव्हीवर लुटीचीच दृश्यं. बुधवारी रात्री न्यू ऑर्लीन्सच्या महापौरांनी, रे नेगिन यांनी, जवळपास 1,500 पोलिसांना आदेश दिला: शोध आणि बचावाचं काम सोडा, रस्त्यावर या, लूट थांबवा.

क्षणभर डोळ्यांपुढे आणा. लोक छपरांवर बसलेत. पोटमाळ्यात अडकलेत, कुऱ्हाडीने आतून छप्पर फोडतायत. म्हातारी माणसं भर उन्हात पाण्याशिवाय मरतायत. आणि त्यांना काढायला निघालेले हात दुकानांच्या राखणीला परत बोलावले गेले. ‘लूट’ या एका शब्दाची ही किंमत आहे, आणि ती माणसांनी मोजली.

नेगिन स्वतः कृष्णवर्णीय होते. पोलीसप्रमुख एडी कॉम्पास, तेही. मग यात वर्णद्वेष कुठून आला, असं कमेंटमध्ये विचारणारे विचारतील. हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. वर्णद्वेष म्हणजे वाईट मनाचा एक गोरा माणूस, अशी आपली समजूत असते. पण तो एक तयार साचा असतो. कृष्णवर्णीय गरिबांची गर्दी म्हणजे गुन्हेगारी, हे अमेरिकेतल्या निवडणूक प्रचारांनी, रात्रीच्या बातम्यांनी पिढ्यान् पिढ्या शिकवलंय. त्या साच्यात खुर्चीवरचा कृष्णवर्णीय माणूससुद्धा अडकतो, विशेषतः खालची माणसं गरीब असतील तेव्हा.

आणि हे कोणी वृत्तमाध्यमांना सांगितलं नव्हतं असंही नाही. 1967 मध्ये वांशिक दंगलींत अमेरिकेतली शहरं पेटली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी कर्नर आयोग नेमला. 1968 च्या अहवालात आयोगाने वृत्तमाध्यमांना स्पष्ट बजावलं होतं की तुम्ही गोऱ्यांच्या जगात बसून, गोऱ्यांच्या नजरेतून बातम्या देता. या गोष्टीला 2005 मध्ये 37 वर्षं झाली होती.

तर लोक जमले होते सुपरडोममध्ये. हे शहरातलं प्रचंड मोठं बंदिस्त स्टेडियम. प्रशासनानेच सांगितलं होतं, ज्यांना शहर सोडता येत नाही त्यांनी तिथे जा. सोडता येत नाही म्हणजे काय? शहर रिकामं करा हा आदेश निघाला तो वादळाच्या आदल्या दिवशी, आणि त्या शहरात एक लाखाहून जास्त लोकांकडे गाडीच नव्हती. जे मागे राहिले ते हट्टी म्हणून नाही राहिले. शहराची सुमारे दोन तृतीयांश वस्ती कृष्णवर्णीय, आणि बिनगाडीच्या गरिबांमध्ये तर तेच सगळ्यात जास्त.

मग सुपरडोममधून बातम्या यायला लागल्या. खून, बलात्कार. कॉम्पास यांनी राष्ट्रीय टीव्हीवर सांगितलं की आत लहान बाळांवर बलात्कार होतायत. वाहिन्यांनी ते दिवसरात्र चालवलं. पुढे सरकारकडून एक डॉक्टर मृतदेह न्यायला मोठा थंड ट्रक घेऊन आला. त्याला कळलं होतं की आत 200 प्रेतं आहेत. होती सहा. चौघांचा मृत्यू नैसर्गिक, एक अमली पदार्थाच्या अतिसेवनाने, आणि एकाने बहुधा उंचावरून उडी मारून जीव दिला होता. खून एकही नाही. न्यू ऑर्लीन्सच्याच ‘टाइम्स-पिकयून’ या वर्तमानपत्राने सप्टेंबरच्या अखेरीस ही पडताळणी छापली. ज्यांना पुरामुळे आपलं कार्यालय सोडावं लागलं होतं, त्या स्थानिक पत्रकारांनी हे काम केलं, त्यांना मनापासून सलाम.

पण तोवर महिना उलटत आला होता. लुइझियानाच्या गव्हर्नर कॅथलीन ब्लँको यांनी दरम्यान इराकहून नुकतेच परतलेले सैनिक शहरात आणताना जाहीर सांगितलं होतं की त्यांच्याकडे एम-16 रायफली आहेत, त्या भरलेल्या आहेत, आणि गरज पडली तर हे सैनिक मारायला कचरणार नाहीत. पूरग्रस्तांनी भरलेल्या शहराबद्दल हे बोललं जात होतं. ब्लँको आणि नेगिन दोघंही डेमोक्रॅटिक पक्षाचे. मी डाव्या विचारांची आहे, आणि डाव्यांनी ही गोष्ट झाकू नये असं मला वाटतं.

1 सप्टेंबरला शेकडो लोक पायी पूल ओलांडून ग्रेटना या पलीकडच्या, मुख्यतः गोऱ्या वस्तीच्या उपनगराकडे निघाले. बहुतेक कृष्णवर्णीय. तिथल्या पोलिसांनी पूल अडवला आणि त्यांच्या डोक्यांवरून गोळ्या झाडल्या. त्याबद्दल शिक्षा कोणालाही झाली नाही.

मग आला रविवार, 4 सप्टेंबर. डॅन्झिगर पूल. बातमी आली की पुलावर आठ सशस्त्र लोकांना पोलिसांनी गोळ्या घातल्या, पाच-सहा ठार. ऐकणाऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला असेल, गुंडांचा बंदोबस्त झाला म्हणून. खरं काय होतं? पूल ओलांडून काहीतरी खायला-प्यायला मिळतंय का बघायला निघालेलं एक कुटुंब, आणि दोन भाऊ. कोणाकडेही शस्त्र नाही. पोलीस भाड्याच्या ट्रकमधून उतरले आणि त्यांनी गोळीबार सुरू केला. 17 वर्षांचा एक मुलगा मेला. 40 वर्षांचा एक मतिमंद माणूस, पळत असताना पाठीत गोळी लागून मेला. चौघं जखमी. मेलेल्या माणसाच्या भावालाच पोलिसांनी पकडलं आणि पोलिसांच्या खुनाच्या प्रयत्नाचे आठ आरोप त्याच्यावर ठेवले. पुढे तपास अधिकाऱ्याने आपल्या घरच्या गॅरेजमधून एक जुनं रिव्हॉल्व्हर आणलं आणि ते पुलावर सापडलं असं दाखवलं. सापडलं! हा शब्द इथेही आला.

पोलिसांना 2011 मध्ये दोषी ठरवलं, 2013 मध्ये तो निकाल रद्द झाला, कारण सरकारी वकिलांनीच इंटरनेटवर नाव लपवून खटल्याबद्दल लिहिलं होतं. शेवटी 2016 मध्ये पाच जणांनी गुन्हा कबूल केला. शिक्षा 3 ते 12 वर्षांच्या.

आपल्याला हा साचा अनोळखी नाही. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि आख्ख्या जमाती जन्मतःच चोर ठरवल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. सोलापूरकर आजही त्या भागाला ‘सेटलमेंट’च म्हणतात. कायदा रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 ला. पण आजही चोरीच्या बातमीत आरोपी पारधी असला की जमात मथळ्यात येते, आणि आरोपी दुसऱ्या कुठल्या जातीचा असला की फक्त आडनाव येतं, तेही आतल्या ओळीत. उद्याचा पेपर घ्या आणि बघा. आणि 26 जुलै 2005 तर कॅटरिनाच्या आधी जेमतेम महिनाभर. मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. रात्रभर लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, चहा-बिस्किटं दिली. न्यू ऑर्लीन्समध्येही नेमकं हेच चाललं होतं, शेजारी शेजाऱ्यांना होड्यांतून काढत होते. ते कॅमेऱ्यात फारसं आलं नाही.

आता शेवटचा भाग, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. ‘लुटारू’ ही प्रतिमा पाणी ओसरल्यावर कोणाच्या कामाला आली?

8 सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी वादळग्रस्त भागातल्या सरकारी बांधकामांवर मजुरांना प्रचलित दराने मजुरी द्यायलाच हवी, हा कायदा स्थगित केला. म्हणजे शहर पुन्हा उभं करायचं, पण कामगाराला कमी पैसे देऊन. कामगार संघटना आणि खुद्द त्यांच्याच पक्षातल्या काही खासदारांनी रेटा लावल्यावर नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा लागू झाला. शाळांचे 7,000 हून जास्त कर्मचारी कामावरून काढले गेले, त्यात बहुसंख्य कृष्णवर्णीय, कित्येक जणी वीस-वीस वर्षं शिकवणाऱ्या. बहुतेक सरकारी शाळा खासगी संस्थांनी चालवायच्या शाळा झाल्या. गरिबांचं चॅरिटी हॉस्पिटल पुन्हा उघडलंच नाही.

आणि घरं. लुइझियानाचे रिपब्लिकन खासदार रिचर्ड बेकर काय म्हणाले, ऐका: न्यू ऑर्लीन्सची सरकारी घरं शेवटी साफ झाली, आम्हाला जमलं नाही, देवाने केलं. ‘साफ’ झाली म्हणजे माणसं गेली. भाडेकरू बाहेरगावी विखुरले होते. विटांच्या त्या इमारती बऱ्याच ठिकाणी दुरुस्त करण्याजोग्या होत्या. तरी त्यांना कुंपणं घातली गेली, आणि लोकांना आपलीच भांडी, आपलेच कपडे आणायला जाऊ दिलं नाही. ज्या माणसांना आधीच चोर म्हटलं होतं त्यांचं घर गेलं, तर ओरडणार कोण?

काही जण ओरडले. 20 डिसेंबर 2007 ला शहराच्या कौन्सिलची बैठक होती. चार वसाहती, जवळपास 4,500 घरं पाडायची की नाही, हे ठरणार होतं. भाडेकरू आणि त्यांच्या बाजूचे लोक फाटकाशी जमले. आत जागा नाही म्हणून त्यांना बाहेरच ठेवलं. फाटक हलायला लागल्यावर पोलिसांनी त्यांच्या डोळ्यांत मिरचीचा फवारा मारला, विजेचे झटके देणाऱ्या बंदुका वापरल्या. बायका जमिनीवर बसून दुधाने, पाण्याने डोळे धूत होत्या.

आत मतदान झालं. घरं पाडायची: सात विरुद्ध शून्य.