पणती उलटी करून बघा

श्रोतेहो नमस्कार. दिवाळी संपली की पणत्यांचं आपण काय करतो, काही माळ्यावर जातात, बऱ्याचशा कचऱ्यात, बरोबर ना? रोमन लोकांचंही मातीच्या दिव्यांच्या बाबतीत तसंच होतं, म्हणून तर ते इतके सापडतात आणि माझ्यासारख्या पगारी माणसालाही एखादा परवडतो!

हा दिवा आपल्या पणतीसारखा उघडा नसतो, वरून बंद असतो. मध्ये तेल ओतायला भोक, पुढे वातीची चोच. वरचा आणि खालचा असे दोन साचे, त्यात माती दाबायची, दोन्ही भाग जोडून सांधा लिंपायचा आणि भट्टीत टाकायचं. जळायचं ते बहुतेक ऑलिव्हचं तेल, त्यामुळे जिथे ऑलिव्ह पिकत नाही त्या थंड उत्तरेत दिवे कमी मिळतात, तेल महाग पडायचं.

पण खरी गंमत बुडाला आहे. इ.स. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर इटलीत, मोडेनाच्या बाजूला, फोर्टिस नावाचा एक ब्रँडच होता, बुडावर उठावदार अक्षरात नाव. तो इतका चालला की ब्रिटनपासून डॅन्यूबकाठापर्यंत कुंभारांनी काय केलं, फोर्टिसचा दिवा आणायचा, त्यावरून साचा काढायचा आणि नावासकट छापत सुटायचं. आता माती वाळताना आणि भाजताना आकसते, म्हणजे कॉपी मूळ दिव्यापेक्षा लहान होते, कॉपीची कॉपी आणखी लहान आणि अक्षरं पुसट. थोडक्यात ड्युप्लिकेट माल, पण तोही आज अठराशे-एकोणीसशे वर्षांचा अस्सल! आजचे नकली माल करणारेही हीच युक्ती वापरतात, वर चोचीला काजळी फासतात, म्हणून नुसता आकार बघून हुरळून जाऊ नका.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कागद. हा दिवा कुठून आला, कधीपासून कोणाकडे होता? पुरावस्तूंची चोरटी देवघेव रोखायला युनेस्कोचा १९७० चा करार आहे, त्याच्या आधीपासून संग्रहात असल्याचा पुरावा मागायचाच, विकणारा "आजोबांचा आहे हो" म्हणून हसायला लागला की मी सरळ उठतो. आणि आपल्याकडे तेर किंवा नेवाशाच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, एखादं खापर दिसलं तर खिशात घालू नका प्लीज, कारण कुठल्या थरात मिळालं हे एकदा गेलं की ते खापर मुकंच होतं. रोमशी आपलं नातं बघायचंच असेल तर कोल्हापूरला टाऊन हॉल म्युझियममध्ये जा, तिथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात मिळालेली पोसायडन या समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती त्या म्युझियममधली.

माझ्याकडचा दिवा? मी लंडनमध्ये नोकरीला असताना घेतला, कागद बघूनच. नाव फोर्टिसचं, पण अक्षरं गिचमिड आणि अंगानेही बारका, तेव्हा कॉपीच असणार. चोच फुटकी म्हणून स्वस्तात मिळाला, पण त्याच फटीतून टॉर्च मारला ना, की आत सांधा लिंपताना कुणीतरी फिरवलेल्या बोटाची रेघ दिसते.